कामाचे स्वरूप : समदं

दुपारी वाचनालयाच्या मीटिंगात पगाराचा कागद भरत होतो. नाव, पदनाम, शिक्षण, कामाचे स्वरूप. ग्रंथपाल ताईंनी शेवटच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला, 'समदं'.

मी म्हटलं ताई, असं नाही चालत, नीट लिहा. त्या हसल्या नि अहिराणीत म्हणे, "भाऊ, पुस्तकेस्ले नंबर शे, मना नंबर कोठे शे?" (पुस्तकांना नंबर आहे, माझा नंबर कुठे आहे?)

बाकीचे हसले, मीही हसलो, पण ते डोक्यातून जाईना. सकाळी कुलूप उघडून झाडू मारणं, पेपर लावणं, देवघेव, दाखल रजिस्टर, वर्गणीसाठी लोकांच्या मागं लागणं, तपासणी आली की आठ दिवस रात्री उशिरापर्यंत कागद, आणि पदनाम काय तर ग्रंथपाल, कारण माणूसच एक आहे!

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाला अ, ब, क, ड वर्ग. आमचं ड, सगळ्यात खालचं. २०२२ ला सरकारी अनुदान ६० टक्के वाढलं तर आम्ही पेढे वाटले होते (मीच आणलेले). तेव्हा वाढून वर्षाचे ४८ हजार झाले, त्यातले निम्मे पगाराला धरले तर महिन्याला २ हजार. इकडे केळीची गाडी भरणारा पोऱ्या एवढे काही दिवसांत कमावतो, आणि त्याला मराठी टायपिंग येतं का कोणी विचारत नाही.

शेवटी 'समदं' खोडून मी 'ग्रंथालयीन कामकाज' लिहिलं. सही केली त्यांनी, काही बोलल्या नाहीत.

खोडायला नको होतं का?