आमची वाटचाल : तीनशे मिलिमीटर पाणी

आमच्या धायरीच्या शेडमध्ये कॉफी भाजण्याचे यंत्र पाहायला आलेला माणूस ड्रमच्या पत्र्याची जाडी विचारतो, मोटारीचे फेरे विचारतो, तापमानाचे मीटर मोबाइलला जोडता येईल का हेही विचारतो. मात्र घरी सिलिंडर आहे की पाइपचा गॅस, आणि ओट्यापासून यंत्रापर्यंत नळी किती लांब न्यावी लागणार, हे आम्हालाच त्याला विचारावे लागते. हा प्रश्न आम्ही पहिली सात वर्षे कोणालाही विचारला नव्हता आणि त्यापायी धंदा बुडता बुडता राहिला.

सुरुवात शेंगदाण्यांपासून झाली. माझे भागीदार मूळचे लेथवरचे टर्नर, आणि मी चिवडा-फुटाणेवाल्यांना भाजणीच्या भट्ट्या विकणारा. २०१२ मध्ये सदाशिव पेठेतील एक निवृत्त पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, ज्यांना आम्ही सगळे ‘सर’ म्हणतो, चिकमगळूरहून आणलेल्या कच्च्या पी-बेरीची (फळात एकच गोल बी असलेल्या कॉफीची) पिशवी घेऊन आले आणि दाण्यांचा ड्रम लहान करून एक किलोचा घाणा निघेल असे यंत्र करून द्याल का, असे त्यांनी विचारले. चार महिन्यांनी जे यंत्र तयार झाले ते आजही त्यांच्या गॅलरीत आहे. त्यानंतर आम्ही पुष्कळ सुधारणा केल्या, तरी सरांनी जुने यंत्र बदलून नवे घेण्याचे आमचे आमंत्रण प्रत्येक वेळी नाकारले आहे.

त्या पहिल्या यंत्राचा बर्नर दोन नळ्यांचा होता आणि प्रत्येक नळीला ०.८ मिलिमीटर भोकाचा पितळी जेट, म्हणजे गॅस ज्यातून बर्नरमध्ये सुटतो ते तोंड. ही भोके भागीदार स्वतः पाडत. त्यासाठीची केसासारखी बारीक ड्रिले बोहरी आळीतून आणून ती ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत कापसावर ठेवत, आणि त्या डबीला हात लावण्याची परवानगी मलाही नव्हती. जेटचे भोक ०.८ चे ०.९ झाले तर गॅस सव्वापटीहून अधिक जातो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो पिन घालून जेट ‘साफ’ करणाऱ्या मिस्त्रीला घरात घेत नाही. वाचकांनीही घेऊ नये. गॅस उघडण्याची तोटीसुद्धा भागीदार लेथवरच काढत. तिचे आतले भोक चांगले आठ मिलिमीटरचे असे, आणि एका तोटीवर त्यांचा अर्धा दिवस जाई. या अर्ध्या दिवसाबद्दल मी कुरकुर करत असे, हे आत्ताच नमूद करून ठेवतो.

२०१३ ते २०१८ या काळात यंत्रे बनली आणि विकली गेली.

२०१९ च्या पावसाळ्यात बाणेरकडील एका व्यापाऱ्याने एक किलोची बारा यंत्रे एकदम मागितली. तोपर्यंत वर्षाला इतकी यंत्रे आम्ही कधी केली नव्हती. पतसंस्थेचे कर्ज काढले, पत्रा उधारीवर आणला आणि दिवाळीपूर्वी माल पोहोचवला. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यातील नऊ यंत्रे परत आली. सगळ्यांची तक्रार एकच होती. बारा-तेरा मिनिटांत व्हायचा घाणा बावीस-तेवीस मिनिटे घेत होता, पहिला तडका, म्हणजे भाजताना बिया तडकल्याचा आवाज, धड ऐकूच येत नव्हता, आणि कॉफी पेल्यात उतरली की तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येत होती. जाणकारांना वेगळे सांगायला नको की बिया भाजल्या न जाता नुसत्या शेकल्या गेल्या म्हणजे असे होते. बियांचे तापमान १९५ ते २०० अंशांच्या आसपास पोहोचले की तडका सुरू होतो. परंतु तिथवरचा प्रवास रेंगाळत झाला, तर आंबटपणा आणि गोडवा दोन्ही वाटेतच संपतात. व्यापाऱ्याने उरलेले पैसे थांबवले.

याच सुमारास भोसरीतील एका गृहस्थांनी आमच्यासारखेच यंत्र बाजारात आणले. ‘आमच्यासारखेच’ हा शब्द मी सौम्यपणे वापरत आहे. हे गृहस्थ वर्षभरापूर्वी गिऱ्हाईक म्हणून आमच्या शेडमध्ये येऊन दोन तास बसले होते, चहा दोनदा प्यायले होते आणि ड्रमच्या आतल्या पात्यांचे फोटो काढून गेले होते. आमची यंत्रे परत येत असल्याचे कळताच त्यांनी ‘त्यांच्या यंत्राला दम नाही’ असे सांगत फिरायला सुरुवात केली, आणि दम दाखवण्यासाठी स्वतःच्या यंत्राला मांडववाल्यांच्या मोठ्या शेगडीला असतो तसला चावीचा हाय-प्रेशर रेग्युलेटर लावून दिला. आमच्या नऊ गिऱ्हाइकांपैकी तिघे त्यांच्याकडे गेले.

भागीदार पहिल्या तक्रारीपासून म्हणत होते की गॅस कमी पडतो आहे. मी म्हणत होतो की ड्रममधून उष्णता बाहेर जाते. दोन महिने मी परत आलेल्या यंत्रांना सिरॅमिक ऊल गुंडाळण्यात घालवले आणि काडीचाही फरक पडला नाही. माझ्या बाजूने एकच पुरावा होता, पण तो मला बिनतोड वाटत होता. परत आलेले प्रत्येक यंत्र आमच्या शेडमध्ये उत्तम चालत होते. जो घाणा कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बावीस मिनिटे घेई, तो धायरीत साडेबारा मिनिटांत उतरे. मग दोष यंत्राचा कसा, असे मी विचारी, आणि भागीदार गप्प बसत. ते का गप्प बसत, हे मला फेब्रुवारीत कळले.

फेब्रुवारी २०२० मध्ये सर स्वतःहून म्हणाले, “भांडू नका, मोजा.” त्यांनी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची नळी दोन मीटर आणली, एका फळीवर ती इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून खिळ्यांनी बसवली, मध्ये शाळेतली फूटपट्टी चिकटवली आणि नळीत शाईचे दोन थेंब टाकलेले पाणी भरले. नळीचे एक टोक मोकळ्या हवेत आणि दुसरे गॅसच्या वाटेवर जोडले की दोन्ही बाजूंच्या पाण्यातील अंतर म्हणजे गॅसचा दाब. घरगुती रेग्युलेटरमधून एलपीजी साधारण ३० मिलिबार दाबाने बाहेर पडतो, म्हणजे पाण्यात तीनशे मिलिमीटरच्या किंचित वर. पाइपच्या गॅसचा घरातील दाब साधारण २१ मिलिबार, म्हणजे सुमारे २१५ मिलिमीटर. या दाबांसाठी बाजारातला साधा प्रेशर गेज निरुपयोगी असतो, कारण त्याचा काटा जागचा हलतही नाही.

ती फळी घेऊन आम्ही तिघे रिक्षाने कर्वेनगरला गेलो. यंत्राच्या बर्नरला जिथे गॅस शिरतो तिथे एक लहान निपल (नळी चढवायचे तोंड) बसवून नळी जोडली. तोटी उघडी ठेवून जेटांची तोंडे बंद केली तेव्हा पाणी ३१० वर उभे राहिले, आणि मी भागीदारांकडे विजयाने पाहिले. सरांनी बर्नर पेटवून आच पूर्ण मोठी केली. पाणी उतरू लागले, उतरतच गेले आणि १६५ वर थांबले. गॅस उभा असताना दाब कितीही दिसो, तो वाहत असताना जेटच्या तोंडाशी किती उरतो एवढ्यालाच अर्थ असतो, आणि आम्ही सात वर्षांत तो एकदाही मोजला नव्हता. उष्णता दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. सरांच्या घरी पेटत्या बर्नरवर दाब २९० होता, तेव्हा १६५ वर आच पाऊणपटच उरली. तेवढ्यावर दूध तापते, कॉफी भाजली जात नाही.

मग एकेक गोष्ट काढून पाहिली. यंत्राची तोटी बदलून भागीदारांनी खिशातून आणलेली जुनी तोटी लावली, तेव्हा पाणी २४० वर आले. चार मीटरची बारीक तांब्याची नळी काढून आखूड आणि रुंद नळी लावली, तेव्हा ते २८० वर गेले. काढलेली तोटी सरांनी उजेडात धरली. तिचे आतले भोक दीड मिलिमीटरचे होते. बारा यंत्रांची घाई होती म्हणून भागीदारांचा अर्धा दिवस वाचवण्यासाठी तयार तोट्या मीच आणल्या होत्या. शेडमध्ये चाचणी होई ती एकोणीस किलोच्या व्यावसायिक सिलिंडरवर, अर्ध्या इंची पाइपावर, चाचणीच्या ओळीला बसवलेल्या मोठ्या व्हॉल्व्हमधून. यंत्राची स्वतःची तोटी पॅकिंगच्या वेळी लागत असे. म्हणजे ज्या वस्तूत खोट होती, ती सोडून बाकी सगळ्याची परीक्षा आम्ही मन लावून घेत होतो. भागीदार त्या वेळीही काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते.

नऊपैकी पाच यंत्रे बालेवाडीच्या नव्या सोसायट्यांत पाइपच्या गॅसवर जोडलेली निघाली. सगळी गिऱ्हाइके सिलिंडरवाली आहेत असे व्यापाऱ्याने सांगितले होते आणि आम्ही विश्वास ठेवला होता. नैसर्गिक वायूत तेवढ्याच आकारमानात एलपीजीपेक्षा उष्णता कितीतरी कमी, त्यात दाबही कमी. सिलिंडरच्या जेटवर तो चालवला तर आच जवळपास निम्मी होते. तिथे जेट ०.८ ऐवजी १.१ मिलिमीटरचा लागतो. हे शेगडी दुरुस्त करणारा कोणताही माणूस जाणतो, आणि आम्हीही जाणत होतो.

हाय-प्रेशर रेग्युलेटरबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. चोंदलेल्या वाटेवर दाब वाढवणे म्हणजे बंद नाकावर उपाय म्हणून जोरात श्वास घेणे होय. आच दुप्पट करायची तर दाब चौपट करावा लागतो. तेवढ्या दाबावर घरगुती बर्नरची ज्योत तोंड सोडून वर उडते, बियांची टोके करपतात आणि पोटात त्या कच्च्याच राहतात. शिवाय घरातली नारिंगी नळी कमी दाबासाठी बनवलेली असते. ती पाच वर्षांनी बदलावी, प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, पाइपच्या गॅसच्या मीटरजवळील रेग्युलेटरला स्वतः हात न लावता कंपनीच्या माणसाला बोलवावे, आणि भाजलेली कॉफी विकायची असेल तर घरगुती सिलिंडर वापरू नये, कारण कायद्याने त्याला मनाई आहे. पाच किलोच्या लहान सिलिंडरवर लागोपाठ घाणे घेणाऱ्यांनी तिसऱ्या घाण्याला सिलिंडरला हात लावून पाहावा. द्रवाचा वायू होताना उष्णता सिलिंडरातूनच घेतली जाते, त्यामुळे तो गार पडतो आणि थंडीत त्याच्यावर दव धरते. तो ऊबदार पाण्यात ठेवण्याच्या युक्त्या सांगणारे लोक आहेत. त्यांचे ऐकू नये, मोठा सिलिंडर घ्यावा.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शेड बंद, पतसंस्थेचे हप्ते मात्र डोक्यावर होतेच. दुसरा लेथ विकला आणि त्या पैशांत सर्व यंत्रांच्या तोट्या व जेट फुकट बदलून दिले. भोसरीकडे गेलेल्या तिघांपैकी एक जण परत आला. भागीदारांनी २०२१ मध्ये वाटणी घेऊन सासवडजवळ अंजिराची बाग केली. आमच्यात भांडण झाले नाही. जाण्यापूर्वी त्यांनी साठ तोट्या काढून ठेवल्या आणि कुंकवाची डबी माझ्या टेबलावर ठेवली.

आता आमच्या प्रत्येक यंत्राच्या बर्नरजवळ दाब मोजण्याचे निपल असते, स्क्रूने बंद केलेले. यंत्र बाहेर पडण्यापूर्वी त्याच्याच तोटीतून, गिऱ्हाइकाच्या घरी असेल तेवढ्याच लांबीच्या नळीवर, पूर्ण आचेवर त्याचा दाब मोजला जातो आणि तो आकडा पावतीवर लिहिला जातो. दिल्लीचा चांगला गेज घेतला आहे. तरी शंका आली की सरांची फळीच काढतो, कारण पाण्याला कॅलिब्रेशन लागत नाही.

गेल्या महिन्यात एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांनी यंत्र भोसरीहून घेतले होते, घाणा वीस मिनिटे घेत होता, आणि विकणारे फोन उचलत नव्हते. मी विचारले, “नळी किती लांब आहे?” ते टेप आणायला गेले. मी फोन धरून थांबलो.