फॉरमॅट मारण्यापासून डेटा पुसण्यापर्यंत : आमची वाटचाल

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या एका लहानशा गाळ्यात जुने संगणक घेऊन, दुरुस्त करून विकणे, एवढाच आमचा सुरुवातीचा व्यवसाय होता. ‘आतलं सगळं काढून टाका’ असे गिऱ्हाइकाने सांगितले की आम्ही फॉरमॅट मारून नवे विंडोज चढवत असू आणि काम झाले असे दोघेही समजत असू. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट थांबवला, तेव्हा कार्यालयांतली जुनी यंत्रे आमच्याकडे ढिगाने आली आणि त्यांतल्याच एकाने आम्हाला खजील केले. ते घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याने सहज म्हणून फुकटचे रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवले, तर आधीच्या मालकाची आयकर विवरणपत्रे, पॅन कार्डांच्या प्रती आणि मुंजीचे फोटोसुद्धा पडद्यावर आले.

क्विक फॉरमॅटने फायलींची अनुक्रमणिका तेवढी कोरी होते. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, जागच्या जागी राहतो. हे उमगल्यावर धास्तीपोटी आम्ही संगणकशास्त्रज्ञ पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या पद्धतीने एकेक डिस्क पस्तीस वेळा पुसू लागलो, आणि एका डिस्कपायी दिवसच्या दिवस जाऊ लागले. ती पद्धत जुन्या धाटणीच्या डिस्कांसाठी होती, आताच्या हार्ड डिस्कवर एकदाच पूर्ण शून्ये लिहिली तरी पुरते, हे आम्हाला उशिराच कळले. एक टेराबाइटच्या डिस्कला आता दोन-तीन तास लागतात.

एसएसडीने, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपांवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कने, मात्र पुन्हा शाळेत बसवले. तिचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रक चिप, झीज वाटून घेण्यासाठी जागा बदलत लिहितो आणि काही जागा राखून ठेवतो, त्यामुळे वरून शून्ये लिहून तिथवर पोहोचल्याची खात्री देता येत नाही. म्हणून तिला तिच्याच आतली सिक्युअर इरेजची, म्हणजे स्वतःला पूर्ण पुसून घेण्याची, आज्ञा द्यावी लागते. सॅटा जोडणीची एसएसडी पुष्कळदा ‘फ्रोझन’, म्हणजे कुलूपबंद, असे दाखवून ती आज्ञा नाकारते, तेव्हा संगणक क्षणभर स्लीपमध्ये घालून जागा केला की बहुतेक वेळा ती ऐकते. ही क्लृप्ती सापडेपर्यंत आमचे दोन रविवार गेले होते.

बंद पडलेल्या डिस्कला कोणतीच आज्ञा पोहोचत नाही. हार्ड डिस्कच्या तबकड्यांना आम्ही ड्रिलने आरपार भोके पाडतो, तर एसएसडीतली प्रत्येक चिप वेगळी फोडतो. सीरियल नंबर आणि पद्धत वहीत टिपली जाते. कोणतीही डिस्क पुसण्याआधी ‘बॅकअप घेतलाय ना?’ हे दोनदा विचारून गिऱ्हाइकाची सही घेतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर मशीन उचलून घरी परत नेणारे महिन्यातून एक-दोघे तरी असतातच.