एवढा मोठा नट, मग आम्ही नाव कसं ऐकलं नाही?

आवडता नट कोण, असं विचारलं की मी ब्रिटिश नट पॉल स्कोफील्ड म्हणतो, आणि पुढचा प्रश्न ठरलेलाच: "एवढा मोठा असेल तर आम्ही नाव कसं ऐकलं नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

नाटक सोडून सिनेमात बस्तान बसवावं असं त्याला कधी वाटलंच नाही. जन्म 1922 चा, बर्मिंगहॅमचा. वाढला ससेक्समध्ये, वडील हेडमास्तर. 1960 मध्ये लंडनला रॉबर्ट बोल्टच्या 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स'मध्ये त्याने सर थॉमस मोर उभा केला, म्हणजे आठव्या हेन्री राजापुढे तत्त्वासाठी न झुकलेला त्याचा माजी मंत्री. मग न्यूयॉर्कचं ब्रॉडवे, तिथला मानाचा टोनी पुरस्कार, आणि 1966 च्या सिनेमातही मोर तोच. ऑस्कर मिळालं तेव्हा स्वारी हजरच नव्हती. वेंडी हिलरने ते त्याच्या वतीने घेतलं.

त्यातला खटला बघा. रिचर्ड रिच नावाचा तरुण मोरविरुद्ध खोटी साक्ष देतो, मोरचं डोकं जाणार हे नक्की होतं. तेवढ्यात मोरचं लक्ष रिचच्या गळ्यातल्या साखळीकडे जातं. साक्षीच्या बदल्यात त्याला वेल्स या छोट्याशा प्रांताचं सरकारी पद मिळालंय. मोर म्हणतो, अख्ख्या जगासाठीसुद्धा आत्मा विकू नये, आणि तू वेल्ससाठी विकलास? दुसऱ्या कुणी इथे हमखास टाळी घेतली असती. स्कोफील्ड साखळी निरखतो, आवाज चढवत नाही, आणि रागाऐवजी त्या पोराची कीव करतो. टाळीचं वाक्य असं सोडून द्यायला छाती लागते.

1962 मध्ये पीटर ब्रुकने 'किंग लिअर' बसवलं. आपल्याला लिअर म्हटलं की अप्पासाहेब बेलवलकर आठवतात, आणि लगेच गळा दाटून येतो. स्कोफील्डचा लिअर हेकट, खडूस म्हातारा. त्याचे सरदार लेकीच्या घरी असा धुडगूस घालतात की सुरुवातीला आपल्याला लेकीचंच पटतं! रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या नटांनी 2004 मध्ये शेक्सपिअरच्या सगळ्या भूमिकांत हीच सर्वश्रेष्ठ ठरवली. पण ते प्रयोग बघितलेले प्रेक्षक किती? 1979 मध्ये 'अमेडियस' नाटकातला सालिएरी, मोझार्टवर जळणारा संगीतकार, रंगमंचावर पहिल्यांदा आणला तोही यानेच; सिनेमात ती भूमिका दुसऱ्याला मिळाली आणि ऑस्करही त्यालाच.

'सर' ही पदवी त्याने नाकारली. 'मिस्टर' काय वाईट आहे, असा त्याचा सवाल. म्हणून त्याला लगेच संत करू नका. 1956 मध्ये सीबीई हा 'सर'च्या खालचा सरकारी किताब घेतला होताच की. 2008 मध्ये गेला.

सुरुवात 1994 च्या 'क्विझ शो' सिनेमाने करा. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत लबाडी करणाऱ्या मुलाचा प्राध्यापक बाप झालाय. मुलाने घराण्याचं नाव घालवलं हे कळल्यावर हा सभ्य म्हातारा एकदाच कडाडतो, तेवढं चुकवू नका. 1971 चा त्याचाच 'लिअर' नंतर. तो कृष्णधवल, बोचऱ्या थंडीतला सिनेमा आहे, आणि पहिल्याच बैठकीत बघायला घेतलात तर मला शिव्या घालाल.