एफसी-150 वर विंच बसवताना

महिंद्राने 1965 पासून आपल्याकडे बनवलेली एफसी-150 ही चपट्या तोंडाची पिकअप आता रस्त्यावर क्वचितच दिसते. मूळ गाडी विलीज कंपनीची. ती 1956 च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आली आणि तिचे रूप ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी ठरवले होते. चालक जवळजवळ पुढच्या ॲक्सलवर बसतो, इंजिन दोन आसनांच्या मध्ये झाकणाखाली गुरगुरत असते, आणि त्यामुळे दोन ॲक्सलमधले अंतर अवघे 81 इंच असूनही मागे 74 इंच लांबीचा हौदा मिळतो. माझ्याकडे आलेली गाडी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका बागायतदाराकडे आंब्याच्या पेट्या वाहून थकलेली होती. खाऱ्या हवेने केबिनचा खालचा पत्रा पार खाल्ला होता, पण चॅसी ठोकून पाहिली तेव्हा ती खणखणीत वाजली आणि चारही चाकांची ओढ (फोर-व्हील ड्राइव्ह) शाबूत होती, एवढ्यावरच मी ती घेतली.

ती नुसती सजवून प्रदर्शनात उभी करण्यात मला रस नव्हता. दिवेआगरपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवशी पर्यटक मोठमोठ्या गाड्या थेट वाळूत घालतात, त्या रुततात, आणि मग गावातला एखादा ट्रॅक्टर साखळदंडाने त्यांना टोचन लावतो. साखळीला ताण सोसण्याची लवचीकता नसते, त्यामुळे पहिल्याच झटक्यात बंपर हातात येतो किंवा हुक तुटून गोळीसारखा सुटतो. हे काम शांतपणे आणि सावकाश करणारी एखादी गाडी आपल्या भागात असावी, असे फार दिवस मनात होते.

गाडी पाहायला येणारा प्रत्येक जण आधी इंजिनाची ताकद विचारतो. हरिकेन नावाचे हे 2199 सीसीचे पेट्रोल इंजिन सुमारे 75 अश्वशक्तीचे आहे, आणि ते काढून डिझेल इंजिन टाका असा सल्ला मला गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर आणि एका लग्नाच्या पंगतीतही मिळाला. मी ते बदलले नाही, कारण रुतलेली गाडी बाहेर काढण्यात इंजिनाचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो. कमी वेगात, मोठ्या गिअर गुणोत्तरावर काम करायचे असल्याने 75 अश्वशक्तीही उरून पुरते. खरा प्रश्न असा आहे, की ओढ बसली म्हणजे ओढणारी गाडी जागेवर थांबते की नाही. एफसीचे रिकामे वजन 1400 किलोच्या आसपास आहे आणि समोर वाळूत बसलेली गाडी दोन-सव्वादोन टनांची असते; दोर ताणला की हलकी बाजू सरकते, आणि इथे हलकी बाजू म्हणजे आपण.

अमेरिकी लष्करात यासाठी एक ढोबळ हिशेब वापरतात. चाके निम्म्यापर्यंत बुडतील इतकी गाडी रुतली असेल तर तिच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, आणि केबिनपर्यंत बुडाली असेल तर तिप्पट. चढ असेल तर त्याची भर वेगळी. म्हणजे किनाऱ्यावरच्या नेहमीच्या प्रकरणातसुद्धा दोन टनांची ओढ धरून चालावे लागते, आणि ओल्या वाळूवर माझ्या गाडीची चाके घट्ट अडकवली तरी ती जेमतेम हजार किलोच्या ओढीला टिकते. उरलेले हजार किलो कुठून तरी आणणे, हीच या सगळ्या बांधणीमागची गोष्ट आहे.

दुसरी अडचण दोराच्या उंचीची. जमिनीपासून 60 सेंटिमीटर उंचीवरून मागच्या दिशेने दोन टनांची ओढ बसली, तर 81 इंचांच्या अंतरावर ती पुढच्या चाकांवरचे सुमारे 580 किलो वजन उचलून मागच्या चाकांवर टाकते. साध्या पिकअपमध्ये, जिथे रिकामा हौदा आणि मागे जड विंच (ड्रमवर दोर गुंडाळून ओढणारे यंत्र) असते, तिथे एवढ्याने पुढची चाके अधांतरी होतात. एफसीची मात्र सगळ्यात जास्त बदनामी ज्या दोषाबद्दल झाली तो इथे कामी येतो: इंजिन, केबिन आणि माणसे सगळी पुढच्या ॲक्सलच्या आसपास असल्याने ती नाकावर जड आहे, आणि घाटात उतरताना जोरात ब्रेक दाबला की मागचा भाग हलका होऊन नाचतो. मागे ओढ घेताना हेच नाकाडपण तिला जमिनीवर धरून ठेवते. तरीही मी दोर बाहेर पडण्याची जागा, म्हणजे रोलर, शक्य तितकी खाली नेऊन 40 सेंटिमीटरवर आणली. त्याने तो 580 चा आकडा 390 च्या घरात येतो. हौद्यात उंच कमान उभारून तिच्यावरून दोर सोडलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्या दिसायला झकास असतात आणि उचलायच्या कामाला ठीकही असतील, पण आडव्या ओढीसाठी ती रचना म्हणजे स्वतःलाच उलथवण्याची सोय आहे.

विंच विजेची घ्यावी की इंजिनावर चालणारी, यावर मी बराच काळ घोळ घातला. बारा व्होल्टची विजेची विंच पूर्ण भारावर 400 अँपिअरच्या आसपास वीज पिते. ती थोडा वेळ चालवून गार होऊ द्यावी लागते, आणि या गाडीचा जुना चार्जिंगचा सरंजाम तिच्यापुढे अगदीच तोकडा आहे. उलट एफसीच्या स्पायसर 18 ट्रान्सफर केसला, म्हणजे इंजिनाची फिरकी पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटून देणाऱ्या पेटीला, मागच्या बाजूला झाकण असलेले एक तोंड मुळातच दिलेले आहे. ते झाकण काढून तिथे पॉवर टेक-ऑफ बसवला, की इंजिनाची फिरकी थेट एका शाफ्टमधून हौद्याखालच्या विंचकडे नेता येते. शेतकऱ्यांना पंप, करवत किंवा मळणीयंत्र चालवता यावे म्हणून जीपला ही सोय होती. माझी विंच लष्करी लिलावातून भंगारात आलेली, वर्म गिअरची (मळसूत्री आट्यांच्या गिअरची), मंदगतीची आणि हट्टी आहे. वर्म गिअरचा मोठा गुण असा, की क्लच दाबला तरी ड्रम उलटा फिरत नाही आणि ताणलेला दोर जागच्या जागी थांबतो. गिअरबॉक्सचे तिन्ही गिअर दोराच्या वेगासाठी वापरता येतात आणि रिव्हर्स टाकला की दोर सुटतो. तोटा एकच, पण मोठा आहे: विजेच्या विंचसारखा रिमोट हातात घेऊन दूर उभे राहता येत नाही, केबिनमध्ये क्लचवर एक माणूस बसवावाच लागतो आणि त्याला मागचे काही दिसत नाही. म्हणून बाहेर एकाच माणसाने हातवारे करायचे, बाकी कोणी ओरडायचे नाही, हा आमचा पहिला नियम आहे. केबिनच्या मागच्या काचेवर जाड लोखंडी जाळी लावली आहे ती दोर तुटला तर म्हणून.

विंच बसवण्यासाठी चॅसीवर एकही वेल्डिंग केलेले नाही. चॅसीच्या पन्हळीसारख्या चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्ट्यांवर सगळा ताण येत असतो, त्यामुळे तिथे भोक पाडले की चीर तिथूनच सुरू होते. भोके पाडायची तर उभ्या भिंतीत, आणि तीही मध्यावर. दोन्ही बाजूंनी 8 मिलिमीटरच्या पट्ट्या देऊन, उच्च ताणाच्या बोल्टांनी विंचचा पाट चॅसीला कवटाळून घेतला आहे. हे काम करणारा वेल्डर आधी जरा नाराजच होता. ‘‘साहेब, एक रेघ ओढतो, आयुष्यभर हलणार नाही,’’ असे त्याचे म्हणणे. आयुष्यभर हलणार नाही हे खरे, पण शेजारचे लोखंड मात्र उष्णतेने कडक होऊन तडकेल, हे त्याला पटवायला दोन चहा लागले.

आता गाडी थांबवण्याबद्दल. जुन्या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. विंच चालवताना ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये ठेवायची, पण पुढच्या ॲक्सलची ओढ जोडलेलीच राहू द्यायची. मग पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जोडलेले राहतात आणि एकच हातब्रेक चारही चाकांना धरतो. ही युक्ती कागदावर सुंदर आहे. प्रत्यक्षात ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून गळणारे तेल नेमके त्याच ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते आणि लायनर गुळगुळीत करून टाकते. त्यामुळे सील बदलल्यावरही मी चाकांखाली लाकडी उटी लावल्याशिवाय दोर ताणत नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे मागचा फाळ. हौद्याच्या फाळक्याखाली चॅसीलाच बिजागरीने अडकवलेली एक लोखंडी चौकट आहे आणि तिला नांगराच्या फाळासारखी दोन पाती आहेत. चौकट खाली सोडून दोर ताणला की गाडी थोडी मागे सरकते, पाती वाळूत घुसतात आणि जितकी ओढ वाढते तितकी ती खोल जातात. ओल्या, घट्ट वाळूत फाळ उत्तम धरतो. भुसभुशीत कोरड्या वाळूत तो लोणी कापावे तसा सरकतो, आणि अशा वेळी सुरूचे बन उपयोगी पडते.

किनाऱ्यालगतच्या सुरूच्या झाडांना रुंद पट्टा बांधून कप्पी वापरायची पद्धत इथे नीट सांगतो, कारण तीत बहुतेकांचा घोटाळा होतो. रुतलेल्या गाडीला कप्पी लावली आणि दोराचे टोक परत आपल्याच गाडीला आणून अडकवले, तर दोरावरचा ताण निम्मा होतो खरा, पण दोन्ही पदर आपल्यालाच ओढत असल्याने आपल्या गाडीवरची ओढ पूर्ण दोन टनांचीच राहते. विंच सुखावते, गाडी मात्र सरकतेच. त्याऐवजी तेच टोक आपल्या गाडीला न बांधता शेजारच्या सुरूला बांधले, तर एक टन झाड सोसते आणि एक टन आपण. फाळ आणि उटी मिळून एवढे सहज पेलतात. पट्टा झाडाच्या अगदी बुंध्याशी, जमिनीलगत बांधायचा आणि शक्य तर दोन झाडे एकत्र घ्यायची, कारण वाळूतल्या सुरूची मुळे फार खोल नसतात आणि एकट्या झाडावर एवढा भरवसा ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे.

दोर 10 मिलिमीटरचा पोलादी आहे. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो आणि तुटल्यावर पोलादी दोरासारखा फटकारत नाही, हे मान्य. पण वाळूचे कण त्याच्या पिळांत शिरून आतून कापत राहतात, म्हणून तो मी फक्त लांबी वाढवायला वापरतो. ताणलेल्या दोरावर मध्यभागी ओले गोणपाट टाकायचे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोराच्या लांबीइतक्या अंतरात कोणालाही उभे राहू द्यायचे नाही. ड्रमवर दोराचे थर चढत जातात तशी ओढ घटते. माझ्या ड्रमवर चौथ्या थरावर ती पहिल्याच्या दोन तृतीयांशच उरते. म्हणून जवळच्या गाडीसाठीसुद्धा दोर मुद्दाम लांबवरून आणलेला चांगला.

या सगळ्या लोखंडापेक्षा जास्त काम फावडे करते. मागच्या हिवाळ्यात एक मोठी ऑटोमॅटिक गाडी पाण्याच्या रेषेजवळ पोटावर टेकलेली होती आणि तिचा तरुण मालक म्हणत होता, ‘‘काका, एक जोरात झटका द्या ना, निघेल.’’ झटका न देता आम्ही चारही चाकांपुढची वाळू उतरत्या कोनात काढली, पोटाखाली पहारीने हवा जाईल इतकी फट केली, टायरमधली हवा 15 पीएसआयपर्यंत कमी केली आणि चाकांपुढे नारळाच्या झावळ्या आडव्या पसरल्या. त्यानंतर विंच पहिल्या गिअरवर लावली तेव्हा इंजिनाचा आवाजही फारसा बदलला नाही. पोट मोकळे झाले की मघाशी सांगितलेला दोन टनांचा हिशेब निम्म्यावर येतो.

घाई असते ती भरतीची. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा कोळीवाड्यातला हिशेब मी गाडीच्या डॅशबोर्डवर रंगवून ठेवला आहे: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. उधाणाच्या दिवशी पाणी भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीच्या) दिवसापेक्षा खूपच वर येते, म्हणून त्या दिवशी निरोप आला की आधी वेळ विचारतो आणि मग जागा.

कायद्याची बाजूही पाहावी लागली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत हे पुन्हा स्पष्ट केले. 2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांच्या पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाईचे निर्देश दिले होते, त्यामुळे पुढे मी काहीच लावलेले नाही. 2021 मध्ये 50 वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आली, पण तिच्यात गाडी मूळ रूपात असावी लागते आणि रोजच्या वापराला मनाई आहे. माझ्या कामाला ती निरुपयोगी. म्हणून इंजिन तेच, चॅसी तीच, हौद्याची मापे तीच, आणि विंच, फाळ व रोलर बोल्ट काढून उतरवता येतील असेच ठेवले आहेत. पैसे घेऊन हे काम करायचे नाही, हेही त्यातच आले. डिझेलवाल्या सल्लागारांना हे सर्वांत खटकते.

पावसाळ्याआधीची कामे उरली आहेत. दोर ड्रमवरून पूर्ण उतरवून गोड्या पाण्याने धुवायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि टोके अदलाबदल करून पुन्हा गुंडाळायचा, म्हणजे आतापर्यंत आत कोरडा राहिलेला भाग पुढे कामाला येईल. फाळाच्या बिजागरीची पिन झिजून सैल झाली आहे, ती लेथवर नवी करायला टाकली आहे. मागचे स्प्रिंगचे पाटे एका बाजूला बसले आहेत. विंचचे वजन नेमके मध्यावर नसल्याने डावीकडे एक पाटा वाढवावा की विंचच थोडी उजवीकडे सरकवावी, हे अजून ठरायचे आहे.