सप्ताहातलं कीर्तन आणि इनपुट गेन : आतापर्यंत कुठवर आलोय

बेरिंजरचा एक्सआर १८ हा डिजिटल मिक्सर आता चांगलाच हातात बसलाय, टॅबवरूनच सगळं ऑपरेट करायलोय. ह्या सीझनला परळी-गंगाखेड पट्ट्यातल्या सप्ताहात एकाच गोष्टीच्या मागं लागलोय, इनपुट गेन, म्हणजे माईकचा आवाज मिक्सरमधी शिरतानाच किती वाढवून घ्यायचा ते. इक्यू, कंप्रेसर, रिव्हर्ब सगळं नंतरचं. गेन जागेवर बसला की निम्मी कटकट तिथंच मिटते हे माझं ठाम मत झालंय.

आपल्याकडं गेन लावतात कशावर तर "हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग" वर. पण कीर्तनात तसा आवाज कुणी काढतच नाही ना. महाराज निरूपण सुरू करतात तेव्हा घरात बसून बोलल्यासारखं हळू, मग प्रमाणं देत देत वर चढतात आणि ज्ञानोबा-तुकारामच्या गजराला मागचे टाळकरी, मृदंग, पेटी सगळं एकदम उसळतं, त्याच माईकवर १५-२० डीबीचा (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) फरक सहज पडतो. म्हणून गेन लावायचा तो सगळ्यात जोराच्या जागेवर, बोलण्यावर नाही.

सध्या माझा हिशोब असा की मीटरवर सरासरी लेव्हल -१८ डीबीच्या आसपास आणि पीक, म्हणजे क्षणभराची सगळ्यात वरची उडी, -१० च्या वर जायला नको, लईच झालं तर -६. डिजिटलमधी ० म्हणजे छत, त्याच्यावर काहीच नाही, गेलं की सरळ कापलं जातं आणि ते नंतर फेडर (चॅनलचा आवाज वरखाली करायची सरकपट्टी) खाली घेऊन दुरुस्त होत नाही. बरेच जण म्हणतात एवढा कमी कामून ठेवता, आवाज बारीक येईल. ॲनालॉग मिक्सरवर खरखर दबावी म्हणून गेन चढा ठेवायची सवय लागलेली असते, इथं २४ बिट आहे, नॉइज इतका खाली असतो की वर १०-१२ डीबी मोकळे सोडले तरी काही बिघडत नाही. आवाज कमी वाटला तर फेडर आहे, ॲम्प आहे. आणि गेन बरोबर असला की फेडर ० च्या आसपास राहतो, तिथं बोट थोडं सरकलं तर अर्धा-एक डीबी बदलतो, तेच फेडर पार खाली असला की तेवढ्याच सरकण्यात आवाज धाडकन वरखाली होतो.

आता टेस्टिंग कधी करायची, तर मला हरिपाठ सापडलाय. संध्याकाळच्या हरिपाठाला तोच मृदंग, तीच पेटी, तेच टाळकरी असतात आणि सगळे मोकळ्या मनानं वाजवायलेले असतात, तिथंच चॅनल एकेक करून सोलो, म्हणजे हेडफोनमधी तेवढाच एकटा, ऐकतो आणि गेन पक्का करतो. राहिला मुख्य माईक. महाराज बाहेरगावचे, ते नऊच्या टायमालाच येणार. मग गायनाचार्यांनाच विनंती करतो, माउली त्याच माईकवर जरा वरच्या पट्टीत एक चाल म्हणा, आणि जो गेन बसेल त्यातून ६ डीबी काढून ठेवतो.

एकदा कीर्तन उभं राहिलं की गेनला हात नाही. मॉनिटरला (महाराजांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पुढं ठेवलेला स्पीकर) जाणारे सेंड प्री-फेडर ठेवलेत, म्हणजे फेडर हलवला तरी तिथं फरक पडत नाही, पण गेन ६ डीबीनं वाढवला की महाराजांच्या पुढच्या मॉनिटरमधी पण तेवढाच वाढणार आणि शिट्टी वाजायला वेळ लागत नाही. कंप्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) कुठल्या पातळीपासून दाबायला लागेल तो थ्रेशोल्ड पण त्याच गेनवर लावलेला असतो, तोही सगळा हलतो, रेकॉर्डिंगची लेव्हल पण बदलते. जे काय करायचं ते फेडरवर.

टाळाबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळेच त्याच्याशी झगडतात. टाळकरी महाराजांच्या पाठीमागंच उभे, त्यांना वेगळा माईक नसतोच, तरी सगळ्यात खणखणीत तेच ऐकू येतात. लोक म्हणतात महाराजांचा गेन वाढवा. वाढवून बघा, टाळ पण तेवढेच वाढतात, दोघांतलं प्रमाण जसंच्या तसं! ते बदलतं फक्त अंतरानं. तोंड आणि माईकमधलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबीनं वाढतो आणि टाळ जवळपास तिथंच राहतात. म्हणून स्टँडची उंची मी महाराज उभे राहिल्यावर स्वतः जाऊन नीट करतो, हे काम पोराच्या हाती देत नाही.

मृदंगाला दोन माईक. शाईच्या बाजूची थाप मीटरवर टुणकन वर जाते, तिथं गेन कमी करण्याआधी माईक दोन बोटं मागं घेतला तर टोन पण सुधारतो. धुमेची, म्हणजे कणीक लावतात ती खर्जाची बाजू अजून पूर्ण जमलेली नाही. मृदंगाचार्य मधेच कणीक काढून परत ताजी लावतात, की खालचा घुमारा एकदम बदलतो आणि मीटर पण, त्यामुळं आता कणीक लावून झाल्याशिवाय तिथला गेन लावतच नाही.

पुढं पारायणाची बैठक घ्यायचीय हातात. तिथं वाचक माईकपासून लांब बसून हळू वाचतात, गेन ४०-४५ डीबीच्या पुढं न्यावा लागतो आणि मग मंडपातले पंखेसुद्धा आत येतात. तिथं मान वाकवता येणारे छोटे स्टँड लावून बघणार आहे. धुमेला कोण कोणता माईक लावायलंय आणि किती अंतरावर, तेवढं सांगा.