ओट्याखालचा १३ चा नट: शनिवार ते सोमवार

शनिवार

सिंकचा मिक्सर नळ महिनाभर डुलत होता. बुडातून पाणी झिरपून खालच्या प्लायच्या दाराची कड फुगली, तेव्हा नळ बदलायचंच ठरवलं. ग्रॅनाइटमधलं भोक ३५ मिमीचं आहे आणि नव्या नळालाही तेवढंच लागतं, त्यामुळे कापाकापी नाही. डावा अँगल कॉक (नळाला पाणी देणारी भिंतीतली तोटी) पूर्ण बंद होईना, म्हणून गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा वॉल्व्ह फिरवून आले. दोन्ही कनेक्शन पाईप सोडले आणि उशी घेऊन ओट्याखाली आडवी झाले.

आमचा नळ एकाच स्टडवर, म्हणजे बुडातून खाली येणाऱ्या आटे पाडलेल्या सळईवर बसलेला. स्टड ८ मिमीचा, त्यावर १३ चा, म्हणजे १३ मिमीचा पाना लागणारा नट. पुढे सिंकचं भांडं, मागे भिंत, मधल्या फटीत माझी चार बोटं जेमतेम जातात. नट डोळ्यांना दिसतच नाही. मोबाइल आत सरकवून फ्लॅश लावून फोटो काढले, तेव्हा कुठे कळलं की स्टड नटाच्या खाली चांगला दोन इंच लोंबतोय आणि नटावर पांढरा थर चढलाय. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी मिसळतात. त्यातला कॅल्शियमचा क्षार असा थेंबाथेंबाने साचतो. त्यात नट लोखंडी, स्टड पितळी. ओल मिळाली की पितळेच्या संगतीत लोखंड लवकर गंजतं.

आधी साधा पाना. त्याचं तोंड दांड्याशी १५ अंश कललेलं असतं, त्यामुळे दर वेळी पालथा घातला तर ३० अंशांच्या जागेतही नट पुढे सरकतो. मला तेवढीही जागा मिळाली नाही. मग पुण्याच्या बोहरी आळीतून मागे आणलेला बेसिन रेंच, म्हणजे लांब दांड्याचा आणि टोकाला जबडा असलेला पाना काढला. पिलर कॉकचे (बेसिनवरच्या उभ्या नळाचे) खालून आवळायचे मोठे बॅकनट तो सुरेख पकडतो, पण १३ च्या नटावर त्याचा जबडा सटकायला लागला. दोनदा सटकल्यावर थांबले. कोपरे गोल झाले असते तर पुढचे सगळे मार्ग बंद झाले असते.

रात्री कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून नटाभोवती दाबला आणि वरून प्लास्टिकची पिशवी रबराने बांधली. खाली ट्रे ठेवला, तो मुद्दाम. ओटा ग्रॅनाइटचा असला तरी आमच्याकडे खालची मांडणी कडाप्पाची आहे. कडाप्पा म्हणजे चुनखडक, आम्ल पडलं की पॉलिश जाऊन पांढरा डाग पडतो.

रविवार

थर मऊ झाला होता. जुन्या टूथब्रशने घासल्यावर नटाच्या कडा बोटाला लागल्या. कोरडं पुसून गंज सोडवणारं तेल मारलं आणि जुना बाजार गाठला.

मला पोकळ बॉक्स पाना हवा होता. सॉकेट इथे चालत नाही, कारण लोंबणारा स्टड त्याच्या बुडाला टेकतो आणि सॉकेट नटापर्यंत पोचतच नाही. नळीसारख्या पान्यात स्टड आत शिरून जातो. खिशात १३ चा एक नट नेला होता. ढिगातला प्रत्येक पाना त्यावर घालून बघत गेले, तेव्हा ८० रुपयांत एक घट्ट बसणारा मिळाला. लांबी आठ इंच, दुसरं टोक १२ चं.

सोमवार

डोळ्यांवर गॉगल हवाच, आडवं झाल्यावर गंजाचा चुरा थेट तोंडावर येतो. खालून वर बघताना नट घड्याळाच्या उलट सुटतो. चाचपडत काम करताना दिशा चुकते, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला खडूने बाण काढला होता.

पाना बसला, पण आडवी सळई घालून फिरवावी तर ती भांड्याला आपटायची. नळीचं खालचं टोक बाहेरूनही षटकोनी आहे, ते भांड्याच्या बुडाच्या खाली येत होतं. तिथे स्लाइड रेंच (तोंड कमीजास्त करता येणारा पाना) लावला. हळू जोर देत गेले. आधी काहीच नाही, मग 'कर्रर्र' असा कोरडा आवाज आला आणि तेलाचा तपकिरी ओघळ नळीतून मनगटावर उतरला. सुटला! पाव फेरा पुढे, जरा मागे, पुन्हा तेल. दहाएक मिनिटांनी नट बोटांनी फिरायला लागला. नळाला खालून धरून ठेवणारी घोड्याच्या नालेसारखी पट्टी आणि तिच्यावरचा चपटा झालेला रबर हातात आला तेव्हा मी अक्षरशः ओरडले.

"अगं, लागलं का काही?" सासूबाई धावत आल्या.

"नाही हो आई, निघाला!"

नवा नळ बसवताना त्यांनीच वरून धरला. "जरा उजवीकडे जातोय बघ," असं त्या सांगत होत्या आणि मी खालून आवळत होते. या वेळी नट पितळी घातलाय आणि आट्यांना ग्रीस लावलंय. कनेक्शन पाईप मात्र नळ ओट्यावर ठेवण्याआधीच त्याच्या बुडात पिळून घेतले, नंतर तिथे हात जात नाही.

रात्री खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं, सकाळी कोरडं ठणठणीत. पाना कॅबिनेटमध्येच खिळ्याला टांगलाय. पुढची नोंद त्या डाव्या अँगल कॉकची.