तुम्ही विचारलंत म्हणून: गेकोच्या पिल्लाला केवढी पेटी?

रत्नागिरीत राहून लेपर्ड गेको ही पालीची जात पाळतो म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, "पिल्लू वाढणारच आहे, मग आत्ताच तीन फुटी टाकी घेतली तर बिघडलं कुठं?" आईचा प्रश्न वेगळा होता. "घरात फुकटात पाच पाली फिरतायत, तू पैसे मोजून सहावी आणलीस?"

मी तीन फुटीच घेतली होती. गप्पी माशांची जुनी टाकी, वर काचेचं झाकण. पिल्लू जेमतेम बोटाएवढं. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवलं तर ४ ग्रॅम, म्हणजे एका अंगठीएवढं. टाकीत सोडलेले रातकिडे या टोकाला, पिल्लू त्या टोकाला. मी खुशाल समजत होतो की ते जेवतंय. पंधरा दिवसांनी काटा साडेतीनवर आला तेव्हा डोकं ताळ्यावर आलं. महिना जुलैचा, आतला दमटपणा ८५ टक्के, खालच्या कागदावर बुरशीचे काळे ठिपके.

या जातीचं मूळ घर अफगाणिस्तान-पाकिस्तानकडचा कोरडा, खडकाळ मुलूख. तिला ३०-४० टक्के दमटपणा पुरे. पाळण्याचे बहुतेक सल्ले थंड देशांतले, ऊब आत कशी राखायची ते सांगणारे. आपल्याकडे आधी वारा कसा खेळेल ते बघावं लागतं, लांबी-रुंदी नंतर.

म्हणून पिल्लासाठी मी साधारण ४५ बाय ३० सेंटिमीटरचा प्लास्टिकचा डबा घेतला. सोल्डरिंगच्या सळईने समोरासमोरच्या दोन बाजूंना भोकं पाडली, एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर. सळई आतून बाहेर घालायची, म्हणजे वितळलेली धारदार कड बाहेर राहते. लेपर्ड गेकोच्या बोटांना घरातल्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे गुळगुळीत भिंत चढून ती पळत नाही. तरी झाकण हवंच, आमच्या मांजरीसाठी.

लपायला दोन करवंट्या, कडा काचपेपरने घासून, दाराएवढी खाच पाडून. एक उबेच्या टोकाला, एक थंड टोकाला. उबेच्या टोकाला डब्याच्या साधारण एक तृतीयांश भागाखाली हीटिंग मॅट, थर्मोस्टॅट लावून. तिथे ३२ अंश, दुसरीकडे २५-२६. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, पोट भाजतं. मे महिन्यात आमच्याकडे मॅट बहुतेक बंदच असते. तेव्हा डबा पश्चिमेच्या खिडकीपासून लांब सरकवायचा, एवढंच. तिसरी जागा कात टाकण्यासाठी: फरसाणाचा छोटा डबा, आत ओला कागद. पावसाळ्यातही तो लागतोच, पण कागद रोज बदलायचा.

खाली टिश्यू पेपर. किनाऱ्यावरची वाळू दिसायला छान, पण भक्ष्यावर झेपावताना पोटात जाते आणि तिथेच अडकते.

मुंग्यांचं काय, असंही विचारतात. डबा ठेवलेल्या स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, दुधाच्या जाळीच्या कपाटासारखे. उरलेले रातकिडे रात्री काढून घ्या, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात. आणि एका डब्यात दोन पिल्लं नकोत. भांडणात शेपट्या जातात.

"क्रेस्टेड गेको या दुसऱ्या जातीला तर दमट हवा चालते ना?" चालते. पण ती पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरची, २८ अंशांच्या वर तिला सोसत नाही. एसी रात्रंदिवस चालवणार असाल तरच.

रानातली पाल मात्र पकडून आणू नका. आपल्याकडच्या बऱ्याच सरपटणाऱ्या प्राण्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. दुकानातून घेतानाही कागदपत्रं मागा, विक्रेता गुळमुळीत बोलू लागला तर मनात पाल चुकचुकू द्या.

आमची आठ महिन्यांची झाल्यावर त्याच तीन फुटी टाकीत गेली. काचेच्या झाकणाच्या जागी स्टेनलेस स्टीलची जाळी बसवली आहे. आधी साधी लोखंडी लावली होती, खाऱ्या हवेने एका पावसाळ्यात तिचा भुगा झाला.